दादाजींचं बटण

लहान पोरांनी टीव्ही का पाहू नये, ते मी सांगतो. मुंबईला मेहुण्याकडे टीव्हीवर बातम्या देणारे गृहस्थ "नमस्कार" म्हणाले, तशी माझ्या बायकोने, प्रेमकुंवरने, झटकन घुंगट ओढला. परपुरुष थेट तोंडाकडे बघतोय, तिचा काय दोष? मेहुण्याने बटण फिरवून त्यांना बंद केलं. आमचा चार वर्षांचा निर्मल सगळं बघत होता.

जळगावला परतताच, मुंबईत आठ दिवस काढले म्हणून बाबूजी, माझे वडील, मला झापू लागले. प्रेमकुंवरने घुंगट ओढला. निर्मल बाबूजींच्या मांडीवर चढला आणि त्याने त्यांचा कान पिळला.

"अरे, काय करतोस?"

"दादाजींना बंद करतोय."

मी त्याला उचलायला धावलो. तोवर बाबूजी खरोखरच बंद झाले. त्या शांततेत, लग्नानंतर पहिल्यांदाच, घुंगटाआडचं हसू घरभर ऐकू आलं.