शिक्क्याच्या पुढची सोळा पाने

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझी शेवटची सोळा पाने माझ्याजवळ नाहीत. ती कुठे आहेत हे मला ठाऊक आहे. सांगता येत नाही, हेच माझे दुखणे.

माझा जन्म सोलापुरातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यात दाक्षायणी नावाच्या बाईची गोष्ट आहे. तिला भिंतीतून हाका ऐकू येतात, तिची झोप उडते, माणसे तिला टाळू लागतात आणि एके दिवशी ती मिळेल त्या गाडीत बसून निघून जाते आणि अनोळखी स्टेशनावर उतरते. प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांनी मला समाजाचा आरसा म्हटले. मी अशी काही फुशारले म्हणता!

मग मी तिथल्याच शुक्रवार पेठेतल्या एका वाचनालयात आले. तिथल्या वाचकांना एक खोड आहे. समासात पेन्सिलीने आपले मत लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दाक्षायणी रडली की कुणी लिहायचे, 'नाटकं करते.' ती गप्प बसली की, 'मूल झालं की जाईल वेड.' एकाने 'चार फटके द्या' लिहिले, तर दुसऱ्याने त्याखाली 'सहमत' म्हणून सही ठोकली. लेखकाने एका घराची गोष्ट लिहिली होती, समासांत सगळी पेठ उतरली. मला लाज वाटायची, पण पुस्तकाला पुसायला हात कुठे असतात?

हाताळून हाताळून माझी शिवण उसवली. ग्रंथपाल सिद्धाराम माणूस भला, पण प्रत्येक काम उद्यावर टाकणारा. मला बार्शीच्या बाइंडरकडे धाडताना शेवटची सोळा पाने सुटून त्याच्या हातात आली. वाटेत हरवतील म्हणून त्याने ती टेबलाच्या खणात ठेवली, वर 'नंतर लावणे' अशी चिठ्ठी टाचली आणि साफ विसरला. मी नवा पुठ्ठा लेवून परतले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का मारायची तिथली रीत. सिद्धारामने न बघताच तो मारला. त्या पानावर शेवटचे वाक्य आहे, 'गाडी निघून गेली आणि फलाटावर दाक्षायणी एकटीच उरली.' पाच वर्षे कुणी तक्रार केली नाही. वेड्या बाईचे असेच व्हायचे, असे सगळेच धरून चालले.

गेल्या उन्हाळ्यात संघप्रियाने मला घरी नेले. चोवीस वर्षांची मुलगी, विम्याच्या ऑफिसात कामाला. भिंतीतल्या हाकांच्या ओळीवर तिचे बोट थांबले ते थांबलेच. मग ती समास वाचू लागली, एकही न गाळता. 'नाटकं करते'च्या खाली तिने बारीक अक्षरात लिहिले, 'बाबापण हेच म्हणतात.'

तिसऱ्यांदा मला नावावर लावून घेताना तिने सिद्धारामला विचारले, "अण्णा, हिचं पुढं काय झालं?"

"पुढं कशाचं, ताई? शिक्का हाय की. संपली."

"म्हणजे ती घरी आलीच नाही?"

सिद्धाराम हसला. "असल्या बायका कुटं परत येत्यात?"

त्याने मला दहा पानांपलीकडे कधी वाचलेच नव्हते. आणि ती सोळा पाने त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. मी ओरडू शकले असते तर वाचनालय दणाणून सोडले असते.

आज सकाळी संघप्रियाची आई, नागूबाई, मला पिशवीत घालून वाचनालयात धावत आली.

"अण्णा, माजी संघा सकाळधरनं घरी न्हाय. फोन बी घरीच टाकून गेलीया. ह्या पुस्तकात काय लिवलंय बघा की."

शिक्क्याच्या खाली ताजे अक्षर होते. 'मग मीपण येते तुझ्याबरोबर.'

सिद्धारामने ते वाचले, वरचे वाक्यही वाचले आणि पाच वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी त्याला आठवली. त्याने खण ओढला. रजिस्टरांखालून माझी पाने निघाली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. तो उभ्याउभ्याच वाचू लागला.

"काय हाय त्यात?" नागूबाईने विचारले.

"येती, बाई. परत येती ती. फलाटावर एक म्हातारा तिला नाव इचारतो, जवळ बसतो. मग दवाखाना, गोळ्या. लगीच बरी न्हाय व्हत. पन घरी येती. स्वतःच्या हातानं च्या करती."

"मंग हे माझ्या पोरीला कुणीच कसं सांगितलं न्हाय?"

सिद्धारामने पाने खिशात कोंबली आणि नागूबाईला मोटरसायकलवर बसवून तो स्टेशनाकडे सुटला. कुलूप लावायचेही भान त्याला राहिले नाही. मला टेबलावर उघडीच टाकून ते गेले. आता दुपार टळली, अजून कुणी आलेले नाही.

मित्रांनो, पेन्सिल हातात घ्याल तेव्हा जपून लिहा. तुम्ही लिहिलेले कोण वाचणार आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते. आणि एखाद्या फलाटावर चोवीस वर्षांची एकटी मुलगी दिसली, तर तिला हसू नका, तिच्याजवळ बसा. तिला नाव विचारा. सांगा तिला, तो शिक्का चुकून पडलाय. पुढे अजून सोळा पाने आहेत.