नको म्हणणाऱ्याच्या पानात

सुरेखाचं वागणंच तसं. भाकरी एकदाच विचारायची. ‘आई, आणखी एक?’ शकुबाई रीतीला धरून ‘नको गं बाई, पोट भरलं’ म्हणायच्या, आणि ही बया खुशाल टोपलं झाकून हात धुवायला उठायची. अडुसष्टाव्या वर्षी, साता समुद्रापलीकडं, पोटच्या पोराच्या घरी शकुबाई अर्धपोटी उठायला शिकल्या. येरवड्याला बहिणीला फोन लावला की पहिलं हेच गाऱ्हाणं. ‘वसुंधरा, आग्रह कशाशी खातात ते ठाऊक नाही गं हिला. दगड फोडून फोडून काळीजसुद्धा दगडाचं झालंय.’

दगड मात्र खरेच फोडायची. सुखदेव आणि सुरेखा, दोघंही मूर्तिकार. मुंबईला शिकताना जमलं, लग्न झालं, आणि दोघं न्यूझीलंडला आली. पहिली दोन वर्षं ऑकलंडात, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात काढली. तो बेकरीत, ती साफसफाईला, आणि उरल्या वेळात गॅरेजमध्ये टाकी-हातोडी. शेजारी आवाजानं कावायचे. शनिवारी ओटाहुहूच्या बाजारात दोघं दगडी वाट्या विकत बसायची. तिथं एका शनिवारी पांढऱ्या केसांची एक उंच बाई आली, वाटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ही दोघांनी मिळून केलीय ना?’ ती हॅना.

हॅना मोरेव्हियन पंथातली. येशूचीच माणसं, पण राहणी अगदी साधी. टौरंगाबाहेर किवीच्या बागांत त्यांची वीस घरांची वस्ती. तिथली एक रिकामी शेड आणि बाजूचं घर हॅनानं सगळ्यांना विचारून ह्या दोघांना राहायला दिलं. मोबदला एकच. वस्तीत कुणी गेलं की त्याचा दगड ह्यांनी घडवायचा. सुखदेव कापून सपाट करायचा, सुरेखा अक्षरं कोरायची. सात वर्षांत अकरा दगड झाले, आणि प्रत्येकावर दोघांचे हात.

त्यांच्या दफनभूमीला ती माणसं देवाचं शेत म्हणायची. शकुबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाकच मुरडलं होतं. हिरव्या गवतात सगळे दगड आडवे, सगळे एका मापाचे. दोन फूट बाय दीड. नाव, जन्म, मरण, बस्स. वर ना क्रूस, ना फूल. बाया एका ओळीत, बाप्ये दुसऱ्या ओळीत, ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं.

‘नवरा-बायकोसुद्धा शेजारी नाहीत?’

‘नाहीत, आई. आणि मोठा-लहान कुणी नाही. डॉक्टर असो, गायी पिळणारा असो, एकच दगड.’

‘मग कळायचं कसं कोण किती चांगलं होतं ते?’

‘कळायचं नसतंच, आई,’ सुरेखा म्हणाली होती.

जेवायलाही तसंच. सणाला लांब बाकांवर बसायचं, टोपल्या हातोहात पुढं सरकायच्या, माणशी एक गोड पाव आणि एक मग चहा. दुसरा कुणी घे म्हणायचं नाही. चिक्कू आहेत मेली, शकुबाईंनी मनात ठरवून टाकलं. पण त्यांना ती माणसं आवडली. वस्तीत सगळ्यांना सिस्टर आणि ब्रदर म्हणत, आणि सुखदेव ‘आई’ म्हणतो ते ऐकून सगळे त्यांना ‘सिस्टर आई’ म्हणायला लागले. हॅनाशी तर गट्टीच जमली. हिला इंग्रजी येईना, तिला मराठी येईना. दोघी तासन्‌तास पायरीवर बसून किवी सोलायच्या.

जानेवारीत हॅना झोपेतच गेली.

तेव्हा शकुबाईंनी सुखदेवला शेडमध्ये गाठलं. ‘त्या बाईनं तुला छप्पर दिलं. तिला तू चारचौघांसारखा पाट्याएवढा दगड देणार? काशिनाथ मेस्त्रीचा पोरगा ना तू?’

‘आई, इथली पद्धत आहे ती.’

सुरेखा मधे पडली. ‘त्यांनी मला स्वतः सांगितलंय, आई. माझा दगड बाकीच्यांसारखाच कर. जास्तीचं काही नको.’

‘मरणारं माणूस नकोच म्हणतं,’ शकुबाई म्हणाल्या. ‘जेवणारं माणूससुद्धा नकोच म्हणतं. नको म्हणणाऱ्याच्या पानात दुसरी पोळी वाढायची असते, सूनबाई. तुला ते कधी कळलंच नाही.’

हे बोलताना त्यांच्या मनात हॅना नव्हतीच. होता तो त्यांचा स्वतःचा बाप. जात्या-पाट्याला टाकी लावत गावोगाव फिरणारा. पाटलाच्या समाधीचा चिरा त्यानं घडवला, वर कमळ काढलं, आणि तो स्वतः मेला तेव्हा ओढ्यापलीकडं, आपल्या लोकांच्या मसणवट्यात, त्याच्या उशाला आईनं फुटक्या जात्याची तळी ठेवली. ज्यानं जन्म दगडात काढला त्याला धड दगड मिळाला नाही. ते कमळ शकुबाईंच्या डोळ्यांत साठ वर्षं रुतून बसलं होतं.

सुखदेवनं तीन आठवडे खपून दगड केला. बाकीच्यांपेक्षा वीतभर लांब, दोन बोटं उंच, वर उमललेलं कमळ आणि मधोमध नाव. हात त्याचा सुंदरच. फक्त अक्षरं जराशी कलली, कारण सुरेखानं टाकी धरली नाही. ‘ज्या दगडाला त्यांनी नको म्हटलं त्यावर मी त्यांचं नाव घालणार नाही,’ एवढंच म्हणाली.

वस्तीतल्या लोकांनी दगड पाहिला. काहींनी एकमेकांकडं पाहिलं. मग म्हाताऱ्या ब्रदर मार्टिननं सुखदेवचा हात हातात घेऊन थँक यू म्हटलं, आणि दगड ओळीत बसवला. ‘बघितलंस?’ शकुबाई सुनेला म्हणाल्या. ‘वाढलं की खातात.’

सुरेखा त्यांच्याकडं वळली. ‘नाताळात तुम्ही हॅनांच्या पानात दुसरी पुरणपोळी वाढलीत, आठवतं? त्यांनी पानावर हात धरला होता. तुम्ही हाताखालून सरकवलीत. त्यांना शुगर होती, आई. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी खाल्ली आणि दोन दिवस अंथरुणाला खिळून राहिल्या. मला म्हणाल्या, सिस्टर आईला सांगू नकोस.’

शकुबाई त्यावर काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनाही नंतर आठवेना. सुनेचा शब्द मात्र बाभळीच्या काट्यासारखा आत मोडला. पोळीनं कुणी मरत नाही, त्या स्वतःला सांगायच्या. हॅना त्यानंतर चार आठवडे चांगली हिंडत होती. तरी भाजताना पोळी फुगली की तो पानावर धरलेला हात दिसायचा, निळ्या शिरांचा.

त्या दिवसापासून सुरेखा शेडमध्ये गेली नाही. किवीची तोडणी सुरू झाली तशी पहाटे उठून पॅकहाउसला फळं निवडायला जायला लागली. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. सुखदेव एकटाच शेडमध्ये बसायचा, समोर कोरा दगड, हातोडी मांडीवर. आणि भाकरी? आता ती एकदासुद्धा विचारायची नाही. दोन ठेवायची आणि जायची. शकुबाईंना त्याचंही गाऱ्हाणं वसुंधराला सांगता येईना. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

ईस्टरचा रविवार जवळ आला. त्या पहाटे सगळी वस्ती देवाच्या शेतात जमते, सूर्य उगवताना पितळी कर्णे वाजवते, आणि आपल्या गेलेल्या माणसांच्या मधोमध उभी राहून गाते. त्याआधी बुधवारी दगड धुवायचे असतात. सिस्टर आईसुद्धा बादली आणि घासणी घेऊन गेल्या.

ब्रदर मार्टिन बायांच्या ओळीत आपल्या बायकोचा दगड घासत होता. एल्साचा. दोन वर्षांपूर्वीचा, सुखदेव-सुरेखाचाच. घासून झालं, पाणी ओतून झालं, तरी तो उठेना. मग त्यानं पंजा फाकवला आणि दगड वितीनं मोजला. तीन विती. गुडघ्यांवर रांगत तो चार दगड ओलांडून हॅनाच्या दगडापाशी आला, आणि तोही मोजला. चार. कमळावर त्यानं तळवा ठेवला. मग परत एल्साकडं गेला आणि तो आखूड दगड बाहीनं पुसत राहिला, जणू तो स्वच्छच होत नव्हता.

शकुबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. हे कळायला ते लागलंही नाही. पाटलाच्या समाधीवरून हात फिरवून परत आलेली त्यांची आई तशीच त्या फुटक्या जात्यापाशी बसली होती. तसाच पदर फिरवत होती.

त्यांच्या हातातली घासणी गळाली. ज्या जागी कुणी कुणाहून लहान नव्हतं तिथं आपण एक मोठा आणून ठेवला आणि बाकी सगळ्यांना लहान केलं. पाटलानं केलं ते वेगळं काय होतं? आणि ह्या भल्या माणसांनी तो दगड कसा घेतला? हॅनानं पोळी घेतली तसा. गिळून.

त्या तशाच शेडमध्ये गेल्या. सुखदेव नव्हता. टाकी आणि हातोडी पदरात घेऊन परत आल्या आणि मार्टिनसमोर उभ्या राहिल्या. हॅनाच्या कमळाकडं बोट केलं. मग तळवा आडवा करून हवेत सपाट फिरवला, पाटा पुसल्यासारखा.

‘ब्रदर,’ त्या म्हणाल्या. ‘यस? नो?’

आणि गप्प बसल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एकदाच विचारलं आणि पुढचा शब्द दातांखाली धरून ठेवला. म्हातारा त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला. ओठ हलले, मिटले. त्याला नको म्हणायची सवय होती आणि हो म्हणायची लाज होती, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. अखेर तो म्हणाला, ‘यस, सिस्टर. प्लीज.’

त्या गवतात मांडी घालून बसल्या. इथला दगड पिवळट, मऊ. आपल्या काळ्या पाषाणापुढं लोणी. तरी कमळाच्या पाकळीवरचा पहिला घाव तिरका गेला. पोराची तीन आठवड्यांची मेहनत होती ती. दुसरा घाव सरळ बसला. तिसऱ्याला बापाचा ठेका हातात आला, टक-टक-टाक, टक-टक-टाक, जात्याला लावतात तसा.

आवाज ऐकून सुखदेव धावत आला. ‘आई! अगं काय करतेयस!’

‘लावलं मी, काढतेय मी. बस तिकडं.’

‘आई, ते काम माझं आहे.’

‘काम तुझं, पाप माझं.’ त्यांनी वर पाहिलं नाही. ‘तू नको म्हणत होतास. बायको नको म्हणत होती. जी मेली ती तर सगळ्यांत आधी नको म्हणाली. माझ्या एकटीच्या तोंडी हो होतं. आणि ऐकलंस तू ते एकच.’

 सुखदेवनं आईचे हात पाहिले. सांधे सुजलेले, टाकी मात्र रेषेत चाललेली. मग खाली बसून त्यानं हातोडी तिच्या हातातून हलकेच काढून घेतली आणि उरलेल्या पाकळ्या स्वतः उडवल्या. डोळ्यांत कचरा गेल्यासारखं तो मधूनच बाहीनं तोंड पुसत होता. कमळाबरोबर कललेलं नावही गेलं. मग मार्टिननं बागेतली ट्रॉली आणली, आणि वीतभर जास्तीचा भाग शेडमध्ये मशीननं कापला गेला.

चारच्या सुमारास सुरेखा पॅकहाउसमधून आली. डोक्यावर अजून ती जाळीची टोपी. शेडच्या दारातच थबकली.

‘टाकी कोण मारत होतं?’ तिनं विचारलं. ‘मघाशी पॅकहाउसपर्यंत ऐकू येत होतं. हा ह्यांचा हात नाही.’

 शकुबाईंच्या लुगड्यावर, केसांत, भुवयांवर पिवळी भुकटी बसली होती. मधे कोरा, सपाट, दोन बाय दीडचा दगड. सुरेखानं तो पाहिला. जवळ येऊन बोट फिरवलं. एका कडेला सपाटी जराशी खोल होती. सासूचा घाव तिथं जास्त बसला होता.

‘इथं खड्डा झालाय.’

‘झालाय,’ शकुबाई म्हणाल्या. ‘माझाच आहे. घासून काढा.’

‘राहू दे,’ सुरेखा म्हणाली. ‘पाणी साचणार नाही एवढ्यात.’ तिनं टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि बारीक टाक्यांचा डबा ओढला. नवऱ्याकडं न बघता हात पुढं केला. ‘गुण्या दे.’

सुखदेवनं काटकोनाचा तो गुण्या तिच्या हातात ठेवला.

गुड फ्रायडेला वस्तीत टाकीचा आवाज नसतो. म्हणून गुरुवार आणि शनिवार मिळून अक्षरं झाली, आणि शनिवारी दुपारी दगड ओळीत बसला. मार्टिन आला. त्यानं तो मोजला नाही. नुसता बघून पुढं गेला, जसं बाकीच्यांना बघून जातो. शकुबाईंना आत कुठंतरी हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली. मार्टिनला विचारलं तसं हॅनाला विचारायचं राहिलंच होतं, आणि ते आता राहणारच होतं.

रविवारी पहाटे थंडीत कर्णे वाजले. गवतावर दव होतं. शकुबाई शाल घेऊन सगळ्यांबरोबर उभ्या राहिल्या. उजाडलं तेव्हा ओळीत हॅनाचा दगड कुठला ते त्यांना लांबून ओळखता आलं नाही.

घरी येऊन सुरेखानं चूल पेटवावी तसा गॅस पेटवला, ज्वारीचं पीठ मळलं. तिघं जेवायला बसली. दुसरी भाकरी संपली. सुरेखानं सासूकडं पाहिलं. दोन महिन्यांनी.

‘आई, आणखी एक?’

नको गं बाई, पोट भरलं. जिभेच्या टोकावर तयार होतं. शकुबाईंनी ते गिळलं.

‘वाढ,’ त्या म्हणाल्या. ‘भूक आहे मला.’

सुरेखानं वाढली. शकुबाईंनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, घास तोंडात घातला, सावकाश चावला. मग सुनेकडं सरळ बघून बोलल्या.

‘ऐक गं, सुरेखा. चार महिने मी वसुंधराला तुझी गाऱ्हाणी सांगितली. आज फोन करून सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, माझी पोळीसुद्धा. माणसानं नको म्हटलं की तू थांबतेस. मला ते सत्तरी आली तरी जमलं नाही, आणि एका भल्या बाईच्या पानात मी तिच्या मरणानंतरही वाढत राहिले. तुझंच बरोबर. ती खोड सोडू नकोस. फक्त मीठ घालताना थांबतेस ते सोड. कालवण अळणी झालंय.’