मेहुण्याचं लिनक्स

बायको साइटवर मापं घ्यायला बाहेर पडली आणि नवरोबांनी तिच्या कॉम्प्युटरला हात घातला. त्यात विंडोजशेजारी मेहुण्यानं लिनक्स टाकून ठेवलं होतं. मशीन सुरू केलं की दरवेळी विचारायचं, कुठं जायचं, विंडोज की लिनक्स? त्या प्रश्नात याला मेहुणाच दिसायचा. सासऱ्यांच्या आजारपणात कुणी किती धावपळ केली यावरून दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून मेहुण्याला या घराची पायरी बंद होती.

त्यानं लिनक्सचा कप्पा उडवला, हात झटकले आणि मशीन परत सुरू केलं. पडदा काळाठिक्कर. वर इंग्रजीत एक ओळ, पुढे लुकलुकणारी रेघ. विंडोजचं दार उघडून देणारा पहारेकरी लिनक्सच्याच कप्प्यात राहत होता, पण या शहाण्याला सांगणार कोण!

बायकोचं पहिलं स्वतंत्र काम, एका दवाखान्याचे नकाशे, आतच होते. दुसरी प्रत नव्हती आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई ते बघायला दुपारी येणार होत्या. शेवटी त्यानं नाक मुठीत धरून फोन लावला.

"मी बोलतोय. तुझं लिनक्स काढलं मी. आता काहीच सुरू होत नाही."

"ताईचे नकाशे?"

"आतच."

मेहुणा म्हणाला, "विंडोजचा पेनड्राइव्ह खणात असेल, तो लावून सुरू करा. मधलं इन्स्टॉलचं मोठं बटण दिसतंय? त्या वाटेला जाऊ नका भाऊजी, नकाशे जातील. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत रिपेअर आहे."

माऊस घामानं निसटत होता. मेहुणा एकेक अक्षर सांगत गेला, हा टाइप करत गेला. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा त्यानं श्वास रोखून एंटर दाबलं आणि मशीन बंद करून परत लावलं. जिन्यात पावलं वाजली. पडदा काळाच. मग एकदम उजळला, काही न विचारता विंडोज आलं. त्यानं घाईघाईनं फोल्डर उघडला.

"आहेत रे, सगळे आहेत!" त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"सुटलो. ताई कधीची मागे लागली होती, ते काढून टाक म्हणून."

"मग काढलं का नाहीस?"

"घरी यावं लागलं असतं ना, भाऊजी."

दारात बायको उभी होती. "कुणाशी बोलतोयस?" तिनं विचारलं. त्याला मान वर करवेना.