लोकांच्या बाजूचा माइक

मित्रांनो, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील मार्डन शहराच्या सभागृहात नगरसेवकांपुढे चकचकीत माइक आहेत. मी त्यांतला नव्हे. मी लोकांच्या बाजूचा, मानेत जरा वाकलेला जुना माइक आहे.

नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक झाले. रस्त्यातले खड्डे, शाळेची बस, मोकाट कुत्री, लोक जे सांगत ते मी जसेच्या तसे पोचवले. त्यात पदरचे घालणे मला पाप वाटते. माझे बटण मात्र महापौरांच्या टेबलाखाली होते.

मग पोलीस कोठडीत डेसमंड नावाचा मुलगा मारहाणीत गेला. तिथली चित्रफीत दडवली म्हणून पोलीसप्रमुखाला पद सोडून जावे लागले. नवा प्रमुख देशभर शोधू, लोकांना विचारू, असे महापौर स्ट्राउड गोड आवाजात म्हणाले. शोध फिरून घरीच आला. जुन्या प्रमुखाचा उजवा हात असलेले हॅल्डेन पुढे केले गेले.

सभेत डेसमंडची आई व्हर्नेटा माझ्यापाशी आली. मुलाला मारणारे तिघे पोलीस पुन्हा वर्दी घालणार का, एवढेच तिला हॅल्डेनना विचारायचे होते. प्रश्न चिठ्ठीवर द्यायचे, असे महापौरांनी सुनावले. चिठ्ठी तिने दिली होती, ती कुणी वाचलीच नव्हती. या वादातच तिला बोलायला मिळालेली दोन मिनिटे संपली आणि माझा गळा दाबला गेला.

संतापाने माझी तार तापली.

मी पुन्हा सुरू झालो तेव्हा रांगेतला म्हातारा न्हावी क्लीटस पुढे आला. "माझी दोन मिनिटं या पोरीला द्या."

"तशी देता येत नाहीत," महापौर म्हणाले.

"बरं. मग मीच विचारतो. हॅल्डेनसाहेब, ते तिघं पुन्हा वर्दी घालणार का?"

त्याच्यामागून शिक्षिका आली, बसचालक आला, पाद्री आले. प्रत्येकाने आपले नाव सांगून तोच प्रश्न विचारला. महापौरांचा हात बटणाकडे गेला, पण टीव्हीवाले टक लावून बघत होते.

शेवटी हॅल्डेन पुटपुटले, "सोमवारी कामावर येतायत ते."

तरीही नगरसेवकांचे हात वर झाले. हॅल्डेनच प्रमुख झाले.

व्हर्नेटा रडली नाही. माझी मान धरून हळूच म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंय. आता आम्हाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणायचं नाही."

पुढच्या सभेपासून लोकांनी सभेत बोलण्याऐवजी ईमेल करावी असे ठरले. मी जिन्याखाली पडलो आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसायला येऊ नका. धुळीने मी मरत नाही. तुमच्या गावच्या सभेला जा, लोकांच्या बाजूचा माइक कुठे आहे ते विचारा, आणि तो आणून जोडेपर्यंत खाली बसू नका.