मातीचा काठ

अंबत्तूरच्या कारखान्यांमागे पावसाचं पाणी साठवणारं एक तळं होतं. त्याच्या दुरुस्तीतून दोन इंजिनिअरांनी अंग काढून घेतल्यावर ते काम संयुक्ताकडे आलं. रस्त्यांवरचा गाळ, ऑइल, सगळं त्या तळ्यात यायचं आणि मोठ्या पावसात तसंच खालच्या तलावात उतरायचं. दर वर्षी तलावात मासे मरून तरंगायचे.

संयुक्ताने तळ्याचे दोन भाग केले. गाळ पहिल्यातच बसावा, निवळलेलं पाणी पुढे जावं. दुसऱ्या भागाचा एक काठ तिने मातीचा ठेवून त्यावर लव्हाळे लावले. तळ्यातल्या छोट्या माशांना आडोसा हवा होता.

"मॅडम, सगळीकडे दगड लावू," कंत्राटदार मुरली म्हणाला. "माती ऐप्पसी महिन्यातल्या, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात टिकायची नाही."

"मुळं धरली तर टिकेल."

"धरायला वेळ कुठाय?"

वेळ खरंच नव्हता. तिचे वरिष्ठ साहेब म्हणाले, "करा, पण तुमच्या जबाबदारीवर."

दिवाळीनंतर वादळी पाऊस आला आणि मातीचा निम्मा काठ ढासळला. कुरकुरत का होईना, मुरली मदतीला थांबला. दोघांनी मजुरांबरोबर दिवसभर वाळूची पोती रचली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनी, पाणी तापवून ठेवलं होतं.

"मासे वाचले काय गं?"

"अजून ठाऊक नाही, अम्मा."

रसमभाताचे दोन घास खाऊन ती बसल्या जागी झोपली.

पाऊस ओसरल्यावर ती तलावावर गेली. पाणी गढूळ होतं, पण काठाला चारदोनच मेलेले मासे लागले होते. वर तळ्यात, उरलेल्या लव्हाळ्यांत, बोटभर मासे घोळक्याने थांबले होते. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिथे खाली बसावं, एवढंच तिला वाटलं.

दुपारी साहेब आले. "काठ पडला ना? आता पूर्ण दगड लावा."

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. "पडला तेवढ्याला लावते," ती म्हणाली. "उरलेला राहू द्या. खाली मासे बघून या."

साहेबांनी तलावाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बरं. पण पुढच्या वर्षी पडला तर पुन्हा विचारायला येऊ नका."

मुरलीने दगड कुठवर लावायचे ते फक्कीने आखलं. रेघ लव्हाळ्यांत शिरली होती. संयुक्ताने ती पायाने पुसली आणि हातभर अलीकडे दुसरी ओढली. मुरलीने पाहिलं, आणि मजुरांना तिथूनच खणायला सांगितलं.