सुनावणीची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मला खोटं ओळखता येतं. हसू नका. ज्या सुताराने मला घडवलं तो दिवसभर थापा मारायचा. रंधा मारता मारता त्या सगळ्या थापा माझ्या लाकडात मुरल्या. तेव्हापासून माझ्यावर बसून कुणी खोटं बोललं की माझा डावा पाय कुरकुरतो.

मी राज्याच्या परवाना मंडळात नोकरीला आहे. घरांचे व्यवहार जुळवून देणाऱ्या दलालांना हे मंडळ परवाना देतं. आधी अभ्यास, मग परीक्षा, मग वागणुकीची चौकशी, तेव्हा कुठे परवाना हातात पडतो. तो दुकानाच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा टांगावा लागतो. दलालाविरुद्ध तक्रार आली की त्याला इथे बोलावतात आणि माझ्यावर बसवतात. तरुणपणी माझं कोण कौतुक होतं! एका दलालाने ओल्याचिंब तळघराला 'हवेशीर' म्हटलं, तेव्हा मी अशी कुरकुरले की खालच्या मजल्यावरची माणसं भूकंप झाला समजून रस्त्यावर धावली. आता मात्र जो तो म्हणतो, "काढा ही खुर्ची, डोकं उठवते."

पण एक दुपार मी विसरलेले नाही.

त्या दुपारी माझ्यावर एक दलालीण बसली होती. दोन बहिणींतली ती धाकटी. तिच्या दुकानावर तिचं घर चालायचं, दोन मुली शिकायच्या. तिच्यासमोर एक शिंपी उभा होता. त्याने तिच्यामार्फत घर घेतलं होतं. राहायला गेल्यावर शेजाऱ्यांकडून त्याला कळलं, की घर विकणारी बाई म्हणजे दलालीणबाईंची सख्खी थोरली बहीण! दलालाचं घरमालकाशी नातं असेल, तर ते गिऱ्हाइकाला आधी लिहून कळवायचं, असा मंडळाचा नियम आहे. धाकटीने ते कळवलं नव्हतं.

"मला झोप लागत नाही हो," शिंपी म्हणाला. "सारखं वाटतं, दोघींनी मिळून मला कापलं."

"कापायचं काम तुमचं," धाकटी फटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली. कुणीही हसलं नाही.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुमचा परवाना रद्द होऊ शकतो, कल्पना आहे ना?"

"आहे," धाकटी म्हणाली. तिच्या तळहातांचा घाम माझ्या हातांना लागला.

मग थोरलीला साक्षीला बोलावलं. ती आली तीच फणफणत.

"संगनमत? हिचं नि माझं? अहो, हिने भाव पाडून पाडून मला पार जमिनीवर आणलं! ओल आलेली भिंत माझ्याकडून दुरुस्त करून घेतली. माझं सागवानी कपाटसुद्धा ह्या दादांसाठी तिथेच ठेवायला लावलं. सख्खी बहीण म्हणे! परकी परवडली असती!"

शिंप्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "कपाट छान आहे," तो पुटपुटला. मंडळाचे दोन सभासद मान खाली घालून हसू दाबत होते. मला वाटलं, सुटली बिचारी.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "एवढंच सांगा. नातं का नाही कळवलंत?"

धाकटी घाईने म्हणाली, "गडबडीत राहून गेलं, बाई."

कुर्रर्र!

जबानी लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. पंखासुद्धा फिरायचा थांबला, शपथेवर सांगते. धाकटीने खाली माझ्या पायाकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"नाही," ती हळूच म्हणाली. "राहून नाही गेलं. चांगलं आठवत होतं. ताईला घर विकायची निकड होती. नातं कळलं तर दादा उठून जातील, अशी भीती वाटली. म्हणून मी गप्प बसले."

या वेळी मी चूं केलं नाही.

सभासद आपसांत कुजबुजले. किती वेळ, कोण जाणे. मला तर वाटलं, तेवढ्यात मला वाळवी लागून जाईल.

"भाव रास्त होता, हे दादांना आज कळलं," अध्यक्षबाई शेवटी म्हणाल्या. "पण घ्यायचं की नाही, हे त्यांनी सगळं कळल्यावर ठरवायला हवं होतं. तो हक्क तुम्ही परस्पर काढून घेतलात. खरं बोललात, म्हणून परवाना रद्द करत नाही. सहा महिने तो आमच्याकडे जमा राहील. तेवढ्या काळात नियमांचा अभ्यासवर्ग पुन्हा करा."

धाकटी उठली. थोरलीने तिचा दंड धरला.

"चल, धाकटे. भिंतीवरून परवाना मी काढून देते. तुझा हात कुठला पोचायला तिथवर!"

शिंप्याने दोघींसाठी दार उघडून धरलं.

मित्रांनो, मला पॉलिश नको, गादी नको. घर घ्यायला जाल तेव्हा आधी भिंतीवरचा परवाना बघा आणि बेधडक विचारा, "घरमालक तुमचे कोण?" आणि सांगायची पाळी तुमच्यावर आली, तर समोरच्याने ठरवायच्या आधीच सांगून टाका. फार तर तो उठून जाईल. तसं वागलात तर इथे माझ्यावर बसायला कुणी येणार नाही, आणि मला तेच हवं आहे. रिकाम्या खुर्चीवर धूळ साचते ना, ती मला मखमलीसारखी वाटते.