बांधावरचा कोन

"परत चूक!" मी पेन्सिल वहीवर आपटली. संलग्न कोन विचारले होते आणि माझ्या लेकीने, धनश्रीने, पुन्हा विरुद्ध कोनांवर खुणा केल्या होत्या.

सोमवारी सर फेरचाचणी घेणार होते. त्यात राहिली तर स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसू देणार नव्हते. माझी बी.एस्सी. लग्नापायी दुसऱ्या वर्षालाच सुटली. हिचं तसं काही सुटू नये म्हणून माझा जीव थाऱ्यावर नसतो. बाकीचं गणित येतं, मग एवढंच का अडतं? डोळे तपासावेत का?

शेवटी तिला रानात घेऊन गेले. आमच्या राहुरीकडच्या रानात दोन बांध एकमेकांना छेदून जातात, त्यामुळे रानाचे चार तुकडे पडतात.

"हा आपला तुकडा म्हणजे आपला कोन. एक भुजा सामाईक असलेला दुसरा कोन दाखव."

तिने तिरकं, पलीकडच्या तुकड्याकडे बोट केलं. "बनुबाईंचा."

"अगं, तिचा आपला नुसता टोकाचा दगड एक, म्हणजे शिरोबिंदू!"

"पण खुरपायला त्याच येतात की. आपन बी त्यांच्याकडं जातो."

"आणि हा?" मी डावीकडे हात केला. तिथे माझी थोरली जाऊ जया वाकून कांदे काढत होती. वाटण्या झाल्यापासून तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

धनश्रीने आवाज उतरवला. "आज्जी म्हनती, त्यांचं आपलं काय बी सामाईक न्हाई. नाव बी काढायचं न्हाई."

सासूबाई बोलत आल्या होत्या, आणि मी गप्प बसून ते पक्कं करत आले होते.

"आहे सामाईक!" माझा आवाज चढलाच. "हा बांध आपला आणि जयाकाकूंचा!"

जया कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला हाक मारली का गं, आरती?"

तेवढ्यात वस्तीवरून सासूबाई ओरडल्या, "ए, घरी या! कवाधरनं उन्हात काय लावलंय?"

जयाला नाही म्हणून निघता आलं असतं.

"पोरीचा अभ्यास घेतेय," मी म्हणाले. "त्यात तुमचं नाव आलं."

"माझं? अभ्यासात? मग ही नापासच हुनार बघ!" जया हसली आणि बांधापर्यंत आली.

धनश्री बांधावर बसली, गुडघ्यावर वही ठेवून नवी आकृती काढू लागली. सासूबाईंनी पुन्हा हाक मारली. जया हलली नाही, मीही नाही. दोघी दोन्ही बाजूंनी वाकून, पोर कोणत्या कोनाचं नाव लिहिते ते बघत राहिलो.